तातडीने विकणे आहे

माझ्या दुकानात गेल्या वर्षी इतकी शांतता पसरली होती की भिंतीवरची पाल कंटाळून शेजारच्या मोबाइलवाल्याकडे राहायला गेली. वाढवून सांगतो आहे असं वाटत असेल तर बालाघाटच्या बसस्टँडमागच्या गल्लीत या आणि कोणालाही विचारा. पाल अजून तिकडेच आहे, आणि चांगली जाडही झाली आहे.

मी घरांचा आणि प्लॉटांचा दलाल. पाटीवर 'प्रॉपर्टी सलाहकार' असं हिंदीत रंगवलेलं आहे, कारण रंगवणारा म्हणाला, दलाल लिहिलं तर रंग कमी लागेल, पण गिऱ्हाईकही कमी लागेल. पाटी मोठी झाली. गिऱ्हाईकाचं सांगतोच.

हा धंदा आमच्याकडे कानात चालतो. नागपूर-पुण्याच्या लोकांना हे समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे घर विकायचं आहे असं तोंडाने कोणी म्हणत नाही. घर विकायला निघालं म्हणजे त्या घरात काही तरी बुडालं, कोणी तरी पळालं किंवा डॉक्टरने हात वर केले, असं गाव समजतं. म्हणून विकणारा माझ्याकडे येतो, खुर्चीवर बसतो, धानाच्या पिकावर बोलतो, आलुबोंडा खातो, सगळ्या नातेवाइकांची निंदा करून होते. मग उठतो, दारात जातो, एक चप्पल पायात घालतो आणि दुसरी शोधता शोधता म्हणतो, "तसं कोनी चांगला मानूस असन तं सांगजो." झालं. हीच त्या घराची जाहिरात. दोन्ही चपला घालून कोणी असं बोललेलं मी आयुष्यात ऐकलं नाही.

मग मी निघतो. आधी त्याच्या भाऊबंदांपैकी एकाच्या कानात, मग शेजाऱ्याच्या कानात, मग गावातल्या ओळखीच्या माणसाच्या, आणि सगळ्यात शेवटी परक्याच्या. एका वेळी एक कान. क्रम चुकला तर पिढ्यान्पिढ्यांचं वैर. या पद्धतीने मी अर्धं बालाघाट विकलं आहे, आणि त्यातलं थोडं तर दोनदा, अर्थात मालकांच्या राजीखुशीने.

पण माणसांचे कान फोनला लागले. गिऱ्हाईक आता बसल्या जागी अंगठ्याने घरं सरकवतं. कालची पोरं फोनवर घर दाखवतात, तिथेच पसंत करवून घेतात आणि मला रस्त्यात भेटल्यावर 'नमस्ते चाचा' म्हणतात. चाचा म्हटलं की समजावं, आपला धंदा संपला.

गाळ्याच्या मालकाचं माझ्यावर लक्ष होतं. त्याच्या जावयाला तिथे मोमोचं दुकान टाकायचं होतं. तो रोज दारात उभा राहून नजरेने भिंती मोजायचा. तो दिसला की मी फोन कानाला लावायचो आणि मोठ्याने म्हणायचो, "नाई नाई, बंगला मोठा आहे, पण मालक घाई करून राह्यला." एकदा माझं असं चाललं असताना त्याने शांतपणे सांगितलं, "भाऊ, तुमचा फोन माह्या घरी चार्जिंगले लावला आहे तुमी. सकाळीच ठेवून गेलते." मी हातात पाहिलं. चष्म्याची डबी होती. तरीही मी डबीत "ठीक आहे, मग बोलतो" म्हणून बोलणं नीट संपवलं. माणसाने रीत सोडू नये.

घरी बायको. ती सरकारी शाळेत शिकवते आणि घरातही हजेरी घेते. पोळा झाला त्या संध्याकाळी तिने पुरणाचं ताट माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "अजी, दसऱ्यापर्यंत एक सौदा करा. एकच. नाई झाला तं सोमवारी लालबर्र्याची बस पकडा."

लालबर्र्याला तिच्या भावाची राइस मिल. मिलच्या फाटकाशी बसून ट्रकवर चढणारे तांदळाचे कट्टे, म्हणजे पोती, बघायचं काम तो मला द्यायला तयार होता. नुसता तयार नव्हता, त्याने माझ्यासाठी खुर्चीही आणून ठेवली होती. प्लास्टिकची, बिनहाताची. ती खुर्ची मी पाहून आलो होतो. दलालाला खुर्चीचे हात लागतात. एका हातावर कोपर टेकवून तो पुढे झुकतो, तेव्हा समोरच्याला वाटतं की आता खरं गुपित ऐकायला मिळणार. बिनहाताच्या खुर्चीवरचा माणूस म्हणजे नुसता बसलेला माणूस.

"तुह्या भावाने खुर्ची घेतली म्हनजे त्याले वाटते मी येतोच म्हून," मी म्हणालो.

"त्याले वाटत नाई," ती म्हणाली. "मले वाटते."

त्या पुरणाची चव मला आठवत नाही.

तेव्हा मी ठरवलं की आपणही सॉफ्टवेअर घ्यायचं. त्या पोरांकडे असतं तसं, घराची जाहिरात टाकणारं आणि लीड आणणारं. लीड म्हणजे जाहिरात पाहून ज्याने चौकशीचं बटण दाबलं तो माणूस. कान शोधायला आपण जायचं नाही, कानच आपल्याकडे येतात, असा त्यांचा दावा.

कोणतं घ्यायचं यात माझा निम्मा भादवा गेला. पहिली कंपनी दिल्लीकडची होती. तिथली मुलगी रोज सकाळी माझ्या बायकोपेक्षा आधी मला उठवायची. "सर, आपकी टीम में कितने एजेंट हैं?" मी म्हणालो, पचास. आता पन्नास म्हणजे मी एक, चहावाला, दोन रिक्षावाले, कोर्टासमोरचा टायपिस्ट, मोजत गेलं तर होतातच. तिने विचारलं, "सर, महीने में कितनी लीड आती है?" मी पालीकडे पाहायला मान वर केली, तर ती गेलेली. "बहुत," मी म्हणालो. त्यावर तिने मला पन्नास एजंटांना पुरेल असं मोठं सॉफ्टवेअर दाखवायला सुरुवात केली आणि मला माझ्याच थापेखालून बाहेर पडता येईना. शेवटी मी तिला सांगितलं की सगळे पन्नास एका लग्नाला गेले आहेत, परत आले की विचारून सांगतो.

दुसरं सॉफ्टवेअर दिसायला इतकं सुंदर होतं की त्यात बालाघाट नव्हतंच. गावांच्या यादीत गोंदिया, जबलपूर आणि 'अन्य'. मी 'अन्य' झालो. मग त्याने विचारलं, घर कितव्या मजल्यावर, समुद्र दिसतो का, मेट्रो किती लांब. दिसतो का म्हटल्यावर मी जरा विचारही केला. पावसाळ्यात वैनगंगा फुगली की गच्चीवरून बरंच पाणी दिसतं. पण खोटं बोलायलाही काही तरी खऱ्याची कड लागते. सोडलं.

तिसरं रायपूरच्या एका माणसाचं. त्यात नकाशा होता. नकाशात बालाघाट अगदी बरोबर होतं, फक्त माझं दुकान वैनगंगेच्या मधोमध दाखवलं होतं. त्या माणसाने माफी मागितली, दुरुस्त करतो म्हणाला. मी म्हटलं राहू द्या. त्या दिवसांत मला तसंच वाटत होतं. हेच घेतलं. शिवाय पहिले काही दिवस ते फुकट होतं.

आता सॉफ्टवेअर आलं, पण त्यात टाकायला घर कुठे होतं? मी दारातल्या चपलांकडे आशेने बघत बसायचो. कोणी येईना. दसरा बिनहाताच्या खुर्चीवर बसून माझी वाट पाहत होता. आणि अशा वेळी बडेबाबू आले.

बडेबाबू म्हणजे सिंचन विभागातून निवृत्त झालेले हेडक्लार्क. सगळं बालाघाट त्यांना बडेबाबूच म्हणतं, घरात त्यांची बायकोही. त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता, मुलगी नागपूरला बोलावत होती. आलुबोंडा झाला, निंदा झाली, ते दारात गेले. एक चप्पल घातली.

"तसं कोनी चांगला मानूस असन तं..." ते म्हणाले, आणि दुसरी चप्पल हातात घेऊन परत आत आले. असं कधी होत नाही. "पन एक आहे. माह्या मानसाईले कळू देजो नको. भावाले तं बिलकुल नाई."

त्यांचा धाकटा भाऊ रामपायलीला शेती करतो. दोघांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. कारण स्कूटर. बडेबाबूंनी आपली जुनी स्कूटर भावाला देण्याचं कबूल केलं होतं. पण द्यायच्या वेळी त्यांचा जीव होईना. शेवटी स्कूटर भंगारात गेली आणि तिची लांब सीट त्यांनी अंगणात पेरूच्या झाडाखाली विटांच्या ओट्यावर बसवून टाकली. भाऊ म्हणाला, मले गाडी देतो म्हनला अन् झाडाले दिली. त्यानंतर तो त्या घरी आला नाही.

मी बडेबाबूंना सांगितलं, भाऊबंदांना वगळायचं असेल तर कानाचा मार्ग बंदच झाला, कारण तो सुरूच तिथून होतो. मात्र माझ्याकडे आता सॉफ्टवेअर आहे. नाव येणार नाही, पत्ता येणार नाही, घराचा दर्शनी भाग दिसणार नाही. पाहतील ते नागपूर-गोंदियाचे परके लोक. त्यांनी हातातली चप्पल उलटीसुलटी करून पाहिली.

"परक्याईले दाखवाले हरकत नाई," ते म्हणाले. "परके काय म्हनन त्याचं काय बी नाई."

मी जाऊन फोटो काढले. समोरून एकही नाही. विहीर, मागची पडवी, आणि हिरवंगार अंगण. अंगण फारच सुरेख आलं होतं. ऊन पेरूच्या पानांतून खाली उतरलेलं आणि त्या उन्हात स्कूटरची सीट, काळी, चकचकीत. बडेबाबू तिला अजून तेल लावून पुसतात.

मग जाहिरात भरायला बसलो. जिमखाना आहे का हे सांगणं सक्तीचं होतं. बडेबाबू गुडघे बिघडण्याआधी सूर्यनमस्कार घालत, म्हणून मी हो लिहिलं. शेजारी कोण, विहिरीचं पाणी उन्हाळ्यात कुठवर उतरतं, शेजाऱ्याकडे झुकलेल्या फांदीवरचे पेरू कोणाचे, हे विचारायला त्यात जागाच नव्हती. आमच्याकडे घर याच गोष्टींवर विकतं. रायपूरच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "वो सब छोड़िए भैया. नीचे 'तातडीने विकणे' का खाना है, उसपे टिक कर दीजिए. लाल पट्टी लगती है और लिस्टिंग सबसे ऊपर जाती है. सब यही करते हैं."

मी टिक केलं. दसरा जवळ आला होता, आणि तातडी खरंच होती. कोणाची, एवढंच त्यात विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन टिंग वाजला. एक लीड. मी चहा घेईपर्यंत आणखी एक. मग ते मशीनच बिघडल्यासारखं वाजायला लागलं. टिंग टिंग टिंग, मोमोवाला जावई तिकडून ऐकतो आहे, पाल मोबाइलवाल्याच्या भिंतीवरून मान काढून बघते आहे. दहा वाजेपर्यंत बालाघाट जिल्ह्यात जेवढी माणसं नाहीत तेवढ्या लीड मला आल्या. मी शाळेत बायकोला फोन केला. वर्ग चालू होता, तरी तिने उचलला.

"तुह्या भावाले सांग," मी म्हणालो, "खुर्ची दुकानदाराले वापस कर म्हना."

 मागे पोरं पाढे म्हणत होती आणि ती त्यांना गप्प करायची विसरली, हे मी ऐकलं. तेवढ्या एका क्षणासाठी मी आजही त्या रायपूरवाल्याचा आभारी आहे.

मग मी खुर्चीच्या हातावर कोपर टेकवलं आणि पहिल्या लीडला फोन लावला. कटंगीची एक बाई होती.

"नमस्कार, आपन घराबद्दल चौकशी केली होती."

"हौ. हे स्कूटरच्या सीटवालं घर कोनाचं आहे जी?"

"मालकाचं नाव सांगता येत नाई. तुमाले पाहाचं आहे का?"

"पाहाचं काय त्यात? त्या सीटवर बसून मी बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या. बडेबाबूले काय झालं? खरं सांगजो. दवाखान्यात आहेत का?"

"नाई, नाई, ते..."

"मंग लाल पट्टी काहून लावली?"

मी फोन ठेवला. दुसऱ्या लीडला लावला. तिकडून एक म्हातारा. "बडेबाबू पडले काय रे?" तिसरा सरळ रडतच होता. त्या घराचा चेहरा मी लपवला होता, पण त्यांच्या सगळ्या गोतावळ्याने त्या सीटवर बसून आयुष्यभर फोटो काढले होते. नवरदेव बसले, बाळं बसली, मुंजीतले बटू बसले. घर कोणी ओळखलं नसतं, सीट आंधळ्यानेही ओळखली असती. एकाने ओळखली आणि जाहिरात सगळ्या गोतावळ्याच्या फोनवर फिरवली. आणि परका? सगळ्या लीडमध्ये परका एक निघाला, तोही सॉफ्टवेअर विकणारा.

मी शटर अर्धं ओढून बडेबाबूंच्या घराकडे पळालो. पळालो म्हणजे रिक्षाने, पण रिक्षात बसूनही मी पळतच होतो.

उशीर झाला होता. आमच्याकडे कोणाच्या घरावर वाईट वेळ आल्याचं कळलं की माणसं हात हलवत जात नाहीत. तांदूळ घेऊन जातात. कटंगीच्या बसने आलेल्या बाया पिशव्या घेऊन अंगणात बसल्या होत्या. पडवीत तांदळाच्या थैल्यांची रांग लागलेली. पुढच्या खोलीत सात-आठ पुरुष तोंड पाडून बसलेले, आणि त्यांच्या मध्ये बडेबाबू, धडधाकट, गंजीफ्रॉकवर, हातात चहाचा कप, सगळ्यांना सांगताहेत की मला काही झालेलं नाही. कोणी मानायला तयार नव्हतं. काही झालेलं नाही असं म्हणणाऱ्याकडे लोक आमच्याकडे जास्तच काळजीने पाहतात.

त्यांनी मला पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"ये," ते म्हणाले. "तुह्याच पावन्याईले चहा पाजून राह्यलो."

बडेबाबूंची बायको, आमच्या काकू, आतून आल्या. पदर खोचलेला. "बडेबाबूईले कोनता रोग झाला ते एकदा सांगून टाक बाप्पा," त्या मला म्हणाल्या. "मी तिसऱ्यांदा भात टाकून राह्यली. कोनता रोग आहे ते कळलं म्हनजे भात किती टाकाचा ते कळन."

मी खुर्च्या उचलायला लागलो. दुसरं काय करणार? माझ्या सगळ्या लीड त्या अंगणात होत्या, त्यांना बसायला जागा हवी होती. मी चहा वाटला. एका मावशींनी माझ्या हाताला धरून विचारलं, "तू त्यांचा कोन?" मी म्हणालो, "शेजारी." आयुष्यात मी एवढं साधं खोटं कधी बोललो नव्हतो.

दुपारी रामपायलीचा भाऊ आला. मोटारसायकलवर, मागे धानाचा नाही, तांदळाचा कट्टा बांधलेला. बायांनी पिशव्या ओढून त्याला वाट करून दिली. तो बडेबाबूंपुढे उभा राहिला. दोघांचे कान सारखेच होते, मोठे, पुढे आलेले. दलाल कान आधी पाहतो.

"मले कोनी सांगतलं नाई," भाऊ म्हणाला. "माह्या पोराने फोनमंदी दाखवलं. गावभर दाखवलं. मले फोनमंदी कळाचं का?"

"काही झालं नाई रे," बडेबाबू म्हणाले.

"झालं नाई तं विकून काहून राह्यला?"

"गुडघे."

"गुडघे विक," भाऊ म्हणाला. "घर काहून?"

कोणी तरी हसलं. काकूंनी तोंडाला पदर लावला. भाऊ वळला, पेरूच्या झाडाखाली गेला आणि त्या सीटवर बसला. आयुष्यात पहिल्यांदा. नुसता नाही बसला, दोन्ही बाजूंना पाय टाकून, गाडीवर बसतात तसा. बडेबाबू काठी टेकत टेकत गेले आणि त्याच्या मागे बसले. पुढचं मला दिसलं नाही, कारण बाया उठून मध्ये आल्या. पण ऐकू आलं.

"माह्या मोठ्या पोराची नोकरी अठीच आहे. भाड्याने राह्यते तो. त्याले दे."

"घेईन का तो?"

"त्याले काय विचारतं? मी घेऊन राह्यलो."

असा माझा सौदा झाला. माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या जाहिरातीने, माझ्या लीडमध्ये. सख्ख्या भावाने भावाचं घर घेतलं तर त्यात दलालाला पैसा मिळत नाही, हा आमच्याकडचा नियम. तो मीच किती तरी लोकांना दुकानात बसून समजावून सांगितला आहे. मी पेल्यांचा ट्रे काकूंकडे दिला आणि बाहेर पडलो. चपला शोधायला वेळ लागला. तिथे जिल्हाभरच्या चपला होत्या.

दसरा आला, सोनं वाटलं, दसरा गेला. मालकाला मी सांगितलं, गाळा सोडतो. मात्र त्याच्या जावयाने तोवर मोमोचा विचार सोडला होता. मालक माझ्याकडे आशेने पाहायला लागला आणि मला वाटलं, देवाने शेवटी कोपर टेकवलं. पण तसं नव्हतं. त्याला नवा भाडेकरू शोधायचा होता. मीच त्याला कधी तरी थाट मारत सांगितलं होतं की या सॉफ्टवेअरने एका सकाळीत जिल्हा गोळा होतो.

शनिवारी फोन टिंग वाजला. 'आपके लिए नई प्रॉपर्टी'. उघडलं. माझं दुकान. माझी खुर्ची, भिंतीवर कॅलेंडर, आणि मधोमध मी, पाठमोरा, चष्म्याच्या डबीत बोलताना. वर लाल पट्टी. 'तातडीने देणे आहे.' नकाशात जागा वैनगंगेच्या मधोमध.

मी बराच वेळ माझ्या पाठीकडे बघत बसलो. आपली पाठ आपण कधी पाहत नाही. खांदे एवढे उतरले आहेत हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळपासून माणसं माझ्या घरी यायला लागली. मेहुण्या, चुलतभाऊ, बायकोच्या शाळेतल्या बाई, चहावाला, कोर्टासमोरचा टायपिस्ट. माझे पन्नास एजंट आले म्हणा ना. प्रत्येकाच्या हातात पिशवी. बायको दारात उभी राहून एकेक पिशवी घेत होती आणि कोणालाच काही सांगत नव्हती. मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. तिने एकदाच आत डोकावलं.

"बाहेर या," ती म्हणाली. "लोकं आले आहेत. लपून काहून बसले?"

"काय सांगू त्याईले?"

"काही नका सांगू. चहा घ्या त्याईच्या संगं."

शेवटी बडेबाबू आले. रिक्षातून तांदळाची थैली उतरवली, आमच्याकडचा सुवासिक चिन्नोर, वास गल्लीभर. थैलीवर माझ्या साळ्याच्या मिलचा शिक्का. ती त्यांनी माझ्या पायाजवळ ठेवली आणि बसले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाई."

"काही नाई तं लाल पट्टी काहून?"

माझं तोंड बालाघाटात प्रसिद्ध आहे. त्या तोंडाने मी आत फक्त चहा सांगितला. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, स्वतःच्या गुडघ्याला धरून कण्हले, चहा प्याले, रामपायलीच्या धानावर बोलले, नागपूरच्या जावयाची यथेच्छ निंदा केली. मग उठले. दारात गेले. एक चप्पल पायात घातली.

"तसं..." ते खाली बघत म्हणाले, "माह्या व्याह्याचं कटंगीले घर आहे. बाजाराजवळ. कोनी चांगला मानूस असन तं सांगजो. पन फोनमंदी टाकजो नको."

आणि दुसरी चप्पल घालून गेले.

सोमवारी मी लालबर्र्याची बस पकडली. बायकोने डबा दिला होता, त्यात बडेबाबूंच्याच तांदळाचा भात. मिलच्या फाटकाशी खुर्ची होती, प्लास्टिकची, बिनहाताची, धुळीने पांढरी. साळा म्हणाला, "या भाऊजी, बसा," आणि आत गेला. मी बसलो. कोपर टेकवायला गेलो तर हात हवेत गेला आणि मी पडता पडता वाचलो. तिथल्या हमालांनी पाहिलं, पण हसले नाहीत. त्याने मला जास्तच वाईट वाटलं.

पहिला ट्रक आला. ड्रायव्हर उतरला, कागद माझ्याकडे दिला. मी विचारलं, गाव कोणतं.

"कटंगी."

मी त्याच्यासाठी चहा मागवला. धानावर बोललो, कांद्याच्या भावावर बोललो, त्याच्या मालकाची थोडी निंदा केली, तो खूश झाला. मग मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि त्याचा कान पाहिला. लहान होता, आत वळलेला, पण चालण्यासारखा.